पाण्यातील अत्यल्प सेंद्रिय प्रदूषकांचे स्वयंचलित विश्लेषण : ‘आढळले नाही’ या निष्कर्षाचा अर्थ

गोषवारा

पाण्यात नॅनोग्रॅम व मायक्रोग्रॅम पातळीवर असणारी कीटकनाशके, औषधी द्रव्ये आणि औद्योगिक रसायने शोधण्यासाठी आज मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित प्रयोगशाळा पद्धतींचा अवलंब केला जातो. प्रस्तुत लेखात नमुना-संहतीकरण, वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन या टप्प्यांतील स्वयंचलनाचे स्वरूप स्पष्ट केले असून ‘आढळले नाही’ ही नोंद शोधमर्यादेशिवाय निरर्थक कशी ठरते, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी भारतातील बाटलीबंद पाण्याचा २००३ मधील प्रश्न आणि युरोपातील ऱ्हाईन नदीवरील निरीक्षण यंत्रणा या दोन उदाहरणांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मप्रदूषके, घन-प्रावस्था निष्कर्षण, वर्णलेखन, द्रव्यमान वर्णपटमापन, शोधमर्यादा, स्वयंचलन.

१. प्रस्तावना

जलपरीक्षणाच्या अहवालात एखाद्या कीटकनाशकाच्या नावासमोर ‘आढळले नाही’ अशी नोंद असली, की ते द्रव्य पाण्यात नाही असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ मर्यादित असतो. विशिष्ट पद्धतीने, विशिष्ट उपकरणावर, घेतलेल्या नमुन्यात ते द्रव्य ओळखता आले नाही, एवढेच ती नोंद सांगते. पद्धत बदलली तर त्याच पाण्याबद्दलचा निष्कर्षही बदलू शकतो. पाणी पिण्यास योग्य आहे किंवा नाही, कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडावे किंवा नाही, असे निर्णय अशा नोंदींवर अवलंबून असतात. म्हणूनच ही नोंद कशी तयार होते हे रसायनशास्त्राच्या अभ्यासकांइतकेच पर्यावरणशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनीही समजून घेणे आवश्यक ठरते.

२. सूक्ष्मप्रदूषके आणि मात्रेचा प्रश्न

पाण्यातील सेंद्रिय सूक्ष्मप्रदूषकांत शेतीत वापरली जाणारी कीटकनाशके व तणनाशके, मानवी व पशुवैद्यकीय औषधांचे अंश, प्लॅस्टिकमधून उतरणारी द्रव्ये, बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने, तसेच न चिकटणाऱ्या व जलरोधक लेपांसाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त संयुगे यांचा समावेश होतो. काही द्रव्ये जलशुद्धीकरणाच्या प्रक्रियेतच निर्माण होतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या जलपुरवठा विभागात काम करणारे रूक आणि अमेरिकेतील बेलर व लिख्टेनबर्ग यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले, की निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या क्लोरीनची पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्याशी अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. क्लोरीनचा वापर त्यापूर्वी अनेक दशके चालू होता. ती संयुगे दिसू लागली ती मापनपद्धती उपलब्ध झाल्यावर.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत पाण्यातील सेंद्रिय भार मोजण्यासाठी रासायनिक ऑक्सिजन मागणी आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ही परिमाणे वापरली जातात. त्यांचे एकक मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. सूक्ष्मप्रदूषकांची मात्रा मात्र मायक्रोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे मिलिग्रॅमच्या हजारांश, किंवा नॅनोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे दशलक्षांश पातळीवर असते. युरोपीय समुदायाने १९८० च्या निर्देशात पिण्याच्या पाण्यातील कोणत्याही एका कीटकनाशकासाठी ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा घातली. पंचवीस लाख लिटर पाणी मावणाऱ्या मोठ्या जलतरण तलावात पाव ग्रॅम कीटकनाशक पूर्णपणे मिसळले, तर ही मर्यादा गाठली जाते. इतक्या अल्प द्रव्यामुळे पाण्याचा रंग, वास वा ऑक्सिजन मागणी यांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

असे प्रदूषण अपवादात्मक नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९९-२००० मध्ये ३० राज्यांतील १३९ प्रवाहांच्या पाण्यात सांडपाण्याशी संबंधित ९५ संयुगांचा शोध घेतला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८० टक्के प्रवाहांत त्यांपैकी किमान एक संयुग आढळले. हे प्रवाह प्रदूषणाची शक्यता अधिक असलेल्या भागांतून निवडलेले होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३. नमुन्यापासून उपकरणापर्यंत

इतक्या कमी मात्रेतील द्रव्य बहुतेक उपकरणांना थेट ओळखता येत नाही. म्हणून प्रथम ते पाण्यातून वेगळे करून संहत करावे लागते. पारंपरिक पद्धतीत पाण्याचा नमुना सेंद्रिय द्रावकासह विलगीकरण नरसाळ्यात हलवून निष्कर्षण केले जात असे. त्यात द्रावक मोठ्या प्रमाणात खर्च होई, पायस तयार होई आणि परिणाम पुष्कळसा हाताळणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राही. पुढे घन-प्रावस्था निष्कर्षण ही पद्धत रूढ झाली. तीत सी-१८ सिलिका किंवा सच्छिद्र बहुवारिक भरलेल्या लहान नळीतून पाणी सोडले जाते. सेंद्रिय संयुगे त्या भरणद्रव्यावर धरली जातात आणि नंतर मेथॅनॉलसारख्या थोड्या द्रावकाने ती उतरवून घेतली जातात. नायट्रोजनच्या प्रवाहात हे द्रावण आटवून १ मिलिलिटर केले, तर १ लिटर पाण्यातील द्रव्य हजारपट संहत होते.

या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर चूक संभवते. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतल्यास काही संयुगे बाटलीच्या भिंतीला चिकटतात, तर बाटलीतील काही पाण्यात उतरतात. म्हणून बहुतेक कीटकनाशकांसाठी गडद रंगाची काचेची बाटली वापरतात. नळाच्या पाण्यातील शिल्लक क्लोरीन सोडियम थायोसल्फेटसारख्या द्रव्याने नष्ट केला नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही संयुगांचे विघटन होते. भरणद्रव्याची नळी मध्येच कोरडी पडली, तर धारणक्षमता घटते. द्रावण आटवताना बाष्पनशील संयुगे उडून जातात. मिनिटाला १० मिलिलिटर या गतीने १ लिटर पाणी नळीतून जाण्यास सुमारे शंभर मिनिटे लागतात. एवढ्या वेळात हाताने चालवलेल्या दोन नळ्यांची गती सारखी राहीलच असे नाही. परिणामी एकाच पाण्याच्या दोन नमुन्यांचे निष्कर्ष भिन्न येऊ शकतात.

४. स्वयंचलनाचे स्वरूप

स्वयंचलन म्हणजे केवळ मनुष्यबळाची बचत नव्हे. प्रत्येक नमुन्याला तोच प्रवाहवेग, तेच द्रावक आणि तोच कालावधी देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. या क्षेत्रात प्रामुख्याने तीन प्रकारची व्यवस्था आढळते.

पहिली व्यवस्था बाष्पनशील संयुगांसाठी आहे. नमुन्यातून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडून ही संयुगे बाहेर काढली जातात, शोषकावर पकडली जातात आणि तो शोषक तापवून ती थेट वायुवर्णलेखन उपकरणात पाठवली जातात. बेलर व लिख्टेनबर्ग यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत उपकरणाच्या थाळीत नमुन्यांच्या कुप्या ठेवल्यावर पुढील सर्व क्रिया यंत्र पार पाडते.

दुसरी व्यवस्था सूक्ष्म घन-प्रावस्था निष्कर्षणाची होय. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील पॉलिशिन यांच्या गटाने १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत विशिष्ट लेप दिलेला काचतंतू नमुन्यात किंवा नमुन्यावरील हवेत ठेवतात. तंतूवर गोळा झालेली संयुगे उपकरणाच्या तप्त प्रवेशद्वारात मुक्त होतात. द्रावक मुळीच लागत नाही आणि तंतू हलवण्याचे काम यांत्रिक बाहू करतो.

तिसरी व्यवस्था ऑनलाइन घन-प्रावस्था निष्कर्षणाची असून पाण्यात सहज विरघळणाऱ्या संयुगांसाठी ती विशेष उपयुक्त आहे. तीत निष्कर्षणाची नळी झडपांच्या साहाय्याने थेट द्रववर्णलेखन उपकरणाला जोडलेली असते. तिचा लाभ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. पारंपरिक पद्धतीत १ लिटर पाणी संहत करून १ मिलिलिटर द्रावण मिळते, परंतु त्यातील १० मायक्रोलिटर, म्हणजे शंभरावा भागच उपकरणात जातो. याचा अर्थ प्रत्यक्षात १० मिलिलिटर पाण्यातील द्रव्याचेच मापन होते आणि उरलेले ९९० मिलिलिटर वाया जातात. ऑनलाइन व्यवस्थेत १० मिलिलिटर नमुना घेऊन त्यातील धरलेले सर्व द्रव्य उपकरणात पाठवले जाते. त्यामुळे तेवढीच संवेदनक्षमता शंभरपट कमी पाण्यात मिळते. लिटरभर पाण्याच्या बाटल्या वाहून नेण्याची व साठवण्याची गरज उरत नाही आणि द्रावण आटवण्याचा टप्पाही टळतो.

५. पृथक्करण आणि ओळख

संहत केलेल्या द्रावणात शेकडो संयुगे एकत्र असतात. वर्णलेखन स्तंभातून जाताना प्रत्येक संयुगाला वेगवेगळा वेळ लागतो आणि ती एकामागून एक शोधकापर्यंत पोहोचतात. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये तयार केलेल्या इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधकामुळे डी.डी.टी., लिंडेन यांसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके अत्यल्प मात्रेत मोजता येऊ लागली. मात्र हा शोधक संयुगाची ओळख पटवत नाही. इलेक्ट्रॉन ग्रहण करणारे कोणतेही संयुग त्याच वेळी स्तंभाबाहेर पडले, तर तसाच संकेत मिळतो. गंधकयुक्त संयुगे किंवा प्लॅस्टिकमधील थॅलेट यांमुळेही असा भास होऊ शकतो.

ओळख पक्की करण्यासाठी द्रव्यमान वर्णपटमापक, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमीटर वापरला जातो. द्रावणातील रेणूंना विद्युतभारित थेंबांच्या मार्गे आयनरूपात आणण्याच्या इलेक्ट्रोस्प्रे तंत्राबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या तंत्रामुळे द्रववर्णलेखन आणि द्रव्यमान वर्णपटमापन यांची सांगड व्यवहारात सुलभ झाली. ॲट्राझीन या तणनाशकाचे उदाहरण घेता येईल. त्याचा भारित रेणू २१६ या द्रव्यमानावर निवडला जातो, वायूच्या रेणूंशी टक्कर घडवून त्याचे तुकडे केले जातात आणि १७४ व १०४ या द्रव्यमानांचे तुकडे मोजले जातात. स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, दोन्ही तुकड्यांची उपस्थिती आणि त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर या तिन्ही गोष्टी शुद्ध ॲट्राझीनशी जुळल्या, तरच ते संयुग सापडले असे मानतात.

या पद्धतीत आधी निवडलेल्या संयुगांचाच शोध घेतला जातो, ही तिची मर्यादा आहे. उच्च विभेदनक्षमतेचे वर्णपटमापक द्रव्यमान चार दशांश स्थळांपर्यंत मोजतात. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड या दोहोंचे स्थूल रेणुभार २८ असले, तरी अचूक द्रव्यमाने अनुक्रमे २८.००६१ आणि २७.९९४९ आहेत. अशा सूक्ष्म फरकांवरून अनपेक्षित संयुगाच्या रेणुसूत्राचा अंदाज बांधता येतो.

६. शोधमर्यादेचा अर्थ

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या कार्यपद्धतीनुसार ज्ञात व अल्प मात्रा मिसळलेल्या किमान सात नमुन्यांवर सर्व टप्प्यांसह विश्लेषण केले जाते. मिळालेल्या निष्कर्षांचे प्रमाण विचलन काढून त्याला ३.१४३ या सांख्यिकीय गुणकाने गुणले असता पद्धतीची शोधमर्यादा मिळते. २०१७ च्या सुधारणेने या गणनेत कोऱ्या नमुन्यांचाही समावेश करण्यात आला.

एक गृहीत उदाहरण पाहू. एका प्रयोगशाळेत हाताने केलेल्या निष्कर्षणात सात निष्कर्षांचे प्रमाण विचलन ०.०३५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आले, तर शोधमर्यादा सुमारे ०.११ होते. त्याच उपकरणाला स्वयंचलित निष्कर्षण जोडल्यावर विचलन ०.००६ झाले, तर शोधमर्यादा सुमारे ०.०१९ वर येते. पाण्यात ०.०८ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर कीटकनाशक असेल, तर पहिली व्यवस्था बहुधा ‘आढळले नाही’ असे म्हणेल आणि दुसरी ते आकड्यासह नोंदवेल. शोधक दोन्हीकडे एकच आहे. फरक पडला तो केवळ पुनरावर्तनीयतेमुळे. स्वयंचलनाचे खरे महत्त्व येथे स्पष्ट होते.

या संकल्पनेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. शोधमर्यादेपेक्षा अधिक संकेत मिळाला, तर द्रव्य उपस्थित आहे असे ९९ टक्के विश्वासाने म्हणता येते. याउलट ज्या पाण्यात द्रव्याची खरी मात्रा शोधमर्यादेइतकीच आहे, अशा पाण्याच्या सुमारे निम्म्या तपासण्यांत ‘आढळले नाही’ हेच उत्तर येईल. म्हणजे ‘आढळले’ या विधानाला जेवढे संरक्षण आहे, तेवढे ‘आढळले नाही’ या विधानाला नाही. म्हणूनच शोधमर्यादा आणि निश्चित आकडा देता येण्याची मापनमर्यादा या दोन्ही कायदेशीर मर्यादेपेक्षा पुरेशा खाली असाव्या लागतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार मापनमर्यादा ही गुणवत्ता मानकाच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी असणे अपेक्षित आहे.

७. भारतातील अनुभव : बाटलीबंद पाणी

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, याचा प्रत्यय भारतात २००३ मध्ये आला. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्ली व मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिंडेन, डी.डी.टी., मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांचे अंश त्यांत नोंदवलेले होते. तेव्हाच्या मानकात कीटकनाशकांचे अवशेष संबंधित पद्धतीने तपासले असता ‘शोधण्यायोग्य मर्यादेच्या खाली’ असावेत, अशी तरतूद होती. वरवर पाहता ही अट कडक वाटते. प्रत्यक्षात तिच्यात कोणताही आकडा नव्हता आणि पद्धत जितकी कमी संवेदनक्षम, तितके पाणी उत्तीर्ण होणे सोपे होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शासनाने सुधारित अधिसूचना काढली. तिच्यानुसार १ जानेवारी २००४ पासून बाटलीबंद पाण्यासाठी प्रत्येक कीटकनाशकास ०.१ आणि सर्वांच्या बेरजेस ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर अशी संख्यात्मक मर्यादा लागू झाली. ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर वापरलेली उपकरणे व ओळखीची पुष्टी यांवर मोठा वाद झाला. श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने या प्रश्नाचा विचार करून फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल सादर केला. ‘शोधण्यायोग्य’ या एका शब्दाच्या अर्थावर जनतेचे आरोग्य आणि उद्योगांचे हितसंबंध कसे अवलंबून असतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आय. एस. १०५०० : २०१२ या मानकात कीटकनाशकनिहाय वेगवेगळ्या मर्यादा आहेत. ॲट्राझीनसाठी ती २, क्लोरपायरिफॉससाठी ३० आणि ॲल्ड्रिन व डायएल्ड्रिन यांच्यासाठी ०.०३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत पाहू शकणारी पद्धत क्लोरपायरिफॉससाठी पुरेशी ठरेल; ॲल्ड्रिनसाठी मात्र तिने दिलेल्या ‘आढळले नाही’ या उत्तराला कायदेशीरदृष्ट्या काहीच मूल्य नाही.

८. ऱ्हाईन नदीचे उदाहरण

एकेका नमुन्याच्या तपासणीकडून अखंड निरीक्षणाकडे झालेला प्रवास ऱ्हाईन नदीच्या संदर्भात स्पष्ट दिसतो. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामास आग लागली. आग विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर अनेक टन कीटकनाशके नदीत वाहून गेली. साठ्यातील रंगद्रव्यामुळे पाणी लालसर झाले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मृत्युमुखी पडले. ऱ्हाईनच्या खोऱ्यातील कोट्यवधी लोकांचा पाणीपुरवठा या नदीशी निगडित असल्याने संबंधित देशांना निरीक्षणाची व्यवस्था नव्याने उभारावी लागली. ॲम्स्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातील ब्रिंकमन यांच्या गटाने १९९० च्या दशकात नदीच्या पाण्यासाठी ऑनलाइन निष्कर्षण व द्रववर्णलेखन यांची ‘सामोस’ नावाची स्वयंचलित प्रणाली विकसित केली. १९९३ पासून बाझेलजवळ वाइल आम ऱ्हाइन येथे स्वित्झर्लंड आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांचे संयुक्त निरीक्षण केंद्र कार्यरत झाले.

पुढे या केंद्रात उच्च विभेदनक्षमतेच्या वर्णपटमापकाने दररोजच्या नमुन्याची तपासणी सुरू झाली. पूर्वनिश्चित यादीबरोबरच अचानक वाढलेल्या कोणत्याही अनोळखी संकेताकडे लक्ष देण्यात येऊ लागले. परिणामी २०१४ या एकाच वर्षात पूर्वी न ओळखलेल्या संयुगांच्या दहा मोठ्या विसर्गांचा छडा लागला. या विसर्गांतून नदीत गेलेल्या रसायनांचे एकत्रित वजन २५ टनांहून अधिक होते. १९८६ चे प्रदूषण पाण्याच्या रंगाने आणि मेलेल्या माशांनी जाहीर केले होते. २०१४ च्या विसर्गांची अशी कोणतीही खूण नव्हती. दररोज तपासणी नसती, तर त्या दिवसांच्या नोंदी निर्दोषच राहिल्या असत्या.

९. स्वयंचलनाच्या मर्यादा

यंत्र चूकही तितक्याच सातत्याने करते, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. आधीच्या नमुन्याचा अंश नळ्यांत राहून पुढील नमुन्यात येणे हा नेहमीचा दोष होय. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी हाताळणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. असा नमुना विरल न करता यंत्रात घेतला आणि त्याचा केवळ दहा हजारावा भाग मागे राहिला, तरी पुढील स्वच्छ पाण्यात ३.१ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर प्रतिजैविक असल्याचे दिसेल.

उपकरण स्वतःच प्रदूषणाचा स्रोत होऊ शकते. फ्लोरिनयुक्त संयुगे मोजताना उपकरणातील टेफ्लॉनच्या नळ्यांमधून तीच संयुगे उतरतात. अमेरिकेने २०२४ मध्ये अशा दोन संयुगांसाठी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा जाहीर केली. या पातळीवर नळीतून उतरलेला अंशही निर्णायक ठरतो. म्हणून नळ्या बदलणे, पंप व नमुना-प्रवेशद्वार यांच्यामध्ये एक जादा स्तंभ बसवणे आणि कोरे नमुने तपासणे असे उपाय योजले जातात.

याउलट नदीच्या पाण्यातील ह्यूमिक द्रव्यांमुळे आयननिर्मिती दबली, तर संकेत क्षीण होऊन असलेले द्रव्यही ‘नाही’ असे दिसते. यावर उपाय म्हणून हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले तेच संयुग ज्ञात मात्रेत नमुन्यात आरंभीच मिसळतात. त्याचा संकेत जितका घटला, तितकीच दुरुस्ती मूळ संयुगाच्या आकड्यात केली जाते. निष्कर्षणात मिसळलेल्या द्रव्यापैकी सामान्यतः ७० ते १३० टक्के परत मिळणे अनेक प्रमाण पद्धतींत ग्राह्य मानले जाते. कोणते कोरे नमुने ठेवायचे, कोणता निष्कर्ष फेटाळायचा आणि अनोळखी संकेताचा पाठपुरावा करायचा किंवा नाही, हे मात्र विश्लेषकानेच ठरवायचे असते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की स्वयंचलनाने शोधमर्यादा खाली आणली, निष्कर्षांत सातत्य आणले आणि रोजचे निरीक्षण शक्य केले. तथापि ‘आढळले नाही’ या शब्दांना आपोआप अर्थ प्राप्त होत नाही. जलपरीक्षणाचा अहवाल संशोधनात, प्रकल्पात किंवा अध्यापनात वापरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारणे इष्ट ठरेल :

१) प्रत्येक संयुगाची शोधमर्यादा व मापनमर्यादा दिली आहे काय आणि ती लागू मानकाच्या पुरेशी खाली आहे काय?
२) कोऱ्या नमुन्यांचे निष्कर्ष व पुनःप्राप्तीची टक्केवारी नोंदवली आहे काय?
३) ओळखीची पुष्टी द्रव्यमान वर्णपटमापनाने झाली आहे काय?
४) नमुना केव्हा, कोणत्या बाटलीत घेतला आणि किती दिवसांनी तपासला?
५) कोणत्या संयुगांचा शोध घेतलाच गेला नाही?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. यादीत नसलेले संयुग अहवालात कधीच दिसत नाही. त्याच्या नावापुढे ‘आढळले नाही’ एवढीही नोंद नसते.

महागडी उपकरणे प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही व आवश्यकही नाही. परंतु नमुने शास्त्रशुद्ध रीतीने घेणे, कोरे नमुने सोबत पाठवणे आणि आलेला अहवाल चिकित्सकपणे वाचणे हे विद्यार्थ्यांना शिकवता येते. महाराष्ट्रातील निर्यातक्षम द्राक्षांच्या कीटकनाशक-अवशेष तपासणीसाठी पुण्याजवळील मांजरी येथे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा कार्यरत आहे. परदेशी ग्राहकाच्या ताटातील द्राक्षांसाठी जी दक्षता आवश्यक मानली गेली, तीच गावोगावच्या विहिरी, नद्या व नळ यांच्या पाण्यासाठीही अपेक्षिणे गैर नाही. त्या दक्षतेची सुरुवात ‘आढळले नाही’ या नोंदीशेजारी शोधमर्यादेचा आकडा मागण्यापासून होऊ शकते.